उभ्यानं चहा पिणारे फादर

भोरात फादरांबद्दल पहिली बातमी पसरली ती मूळव्याधीची. आमच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून येऊन त्यांना पुरता आठवडाही झाला नव्हता, तोवर कापूरहोळच्या एका ढाब्यावरून ही खबर भोरच्या एसटी स्टँडवर पोचली आणि स्टँडवरून माझ्या कानावर आली. पानवाला म्हणाला, "तुमच्याकडचे ते पांढऱ्या दाढीचे बाबा, लई त्रास दिसतोय त्यांना. सबंध जेवण उभ्यानं जेवले म्हणं. ढाबेवाला खुर्ची पुढं करतोय, हे नको नको म्हणतायत." मी मनात म्हटलं, घ्या! आधीच घरात फादर ठेवला म्हणून आळीत कुजबुज, त्यात आता हे दुखणं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे आख्खी आळी तिला बाई म्हणते. ती ओट्याशी चपात्या लाटत होती. तिनं मागं न बघता विचारलं, "ढाब्यावर भट्टीपाशी जो माणूस असतो, तो बसलेला असतो का उभा?"

"उभाच असणार. त्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. सहज विचारलं," ती म्हणाली आणि चपाती उलटली.

फादर मूळचे नगरकडचे. चाळीस वर्षं खेड्यापाड्यांतून काम करून निवृत्त झालेले. म्हाताऱ्या फादर लोकांसाठी त्यांचं एक घर असतं, तिथं जायचं सोडून वरिष्ठांची परवानगी काढून हे भोरात आले. का, असं विचारलं तर म्हणाले, "इकडचे डोंगर आवडले. आणि मला इथं कुणी ओळखत नाही, म्हणजे मला सगळ्यांना नव्यानं विचारता येईल." पहिल्या भेटीतच आळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी त्यांना रोखठोक विचारलं होतं, "धर्म बदलायला आलात काय हो?" फादर हसले. म्हणाले, "चाळीस वर्षांत माझा मलाच नीट जमला नाही हो. तुमचा कधी बदलू?" त्यावर ते वडीलधारे गृहस्थच त्यांना चहाला घेऊन गेले. तिथं फादर बसले का उभे राहिले, हे मात्र मला कळलं नाही.

ते कळायला हवं होतं, कारण तोवर माझ्या डोक्यात किडा शिरला होता. माणूस आजारी नव्हता. गडी पाली गावाकडं जाऊन राजगडाच्या पायथ्याला दोन-दोन तास हिंडून यायचा. एसटीत बसायचा. चांभाराच्या पुढ्यात तर फतकल मारून तासन्‌तास बसायचा. शिंप्याकडे बसायचा. मग आमच्याच घरात काय झालं होतं? आमच्याकडे आले की दारातल्या खांबाला टेकून उभे. मी खुर्ची द्यायचो, ते तिच्या पाठीवर हात ठेवायचे, चहा उभ्यानं प्यायचे, बशी खुर्चीवर ठेवायचे आणि जायचे. आमची खुर्ची जणू बशी ठेवायलाच घडवली होती. मला लागायचं ते. ढाबेवाल्याचं सोडा, पण घरमालकाच्या घरी बसायचं नाही म्हणजे काय? मी एकदा बायकोला म्हटलंसुद्धा, "आपल्या घरात ह्यांना काय वास येतो का?"

ती म्हणाली, "तुम्ही नीट बघा म्हणजे कळेल."

बघायची सवय मला नव्हती, फादरांना होती. त्यांच्यासारखा चौकस माणूस मी जन्मात पाहिला नाही. कुणी काही काम करताना दिसलं की हे थांबलेच. "हे असं का करता? उलटं केलं तर काय होतं? हात कुठं दुखतो?" हा शेवटचा प्रश्न ठरलेला. कापूरहोळला एक पंक्चरवाला आहे, त्याला पहिल्याच भेटीत विचारलं, "हात कुठं दुखतो?" तो म्हणाला, "अंगठ्यापाशी." मग ह्यांनी त्याला गळ घातली, मला एक पंक्चर काढू दे. त्यानं दिलं. ते नेमकं माझ्याच गाडीचं होतं. चेलाडी फाट्याच्या अलीकडं चाक बसलं आणि मी उन्हातनं गाडी ढकलत परत आलो. फादर त्या पंक्चरवाल्याला आनंदानं सांगत होते, "बघ, सोपं नाहीये! लोकांना वाटतं सोपं आहे!" मला कुणी काही विचारलं नाही.

न्हाव्याकडची गोष्ट तर भोरात अजून सांगतात. फादर खुर्चीत बसेनात. न्हावी म्हणाला, "बाबा, उभ्यानं दाढी कशी कातरू?" फादर म्हणाले, "तुम्ही दिवसभर उभ्यानंच कातरता ना?" शेवटी तडजोड निघाली. दुकानात सतरंजी अंथरली, दोघंही समोरासमोर मांडी घालून बसले आणि दाढी कातरून झाली. गिऱ्हाइकं बाहेर उभी राहून बघत होती. न्हावी मला नंतर म्हणाला, "येडा माणूस हाय, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला दुपारी कंबर जाणवली न्हाई." पुढं त्यानं एक उंच फिरतं स्टूल आणलं. अजूनही त्याच्यावर बसूनच तो कात्री चालवतो.

आता माझ्या नोकरीचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी कामथडीच्या अलीकडं एका मसाल्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पट्ट्यावरून मिरची, धणे, हळकुंडं येतात, दोन्ही बाजूंनी बायका उभ्या राहून निवडतात. खडा, काडी, किडका दाणा बाजूला काढायचा. सकाळी टेम्पो त्यांना कामथडी-नसरापूरकडच्या गावांतून आणतो, संध्याकाळी सोडतो. अधूनमधून शिंका, दिवसभर उभं राहणं, बाकी काही त्रास नाही, असं मी लोकांना सांगायचो. मला शिंका यायच्या म्हणून शिंका आठवायच्या. उभं राहणं मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणायचो, कारण माझी केबिन होती आणि केबिनमध्ये खुर्ची होती.

फादरांनी एका संध्याकाळी दारातल्या खांबाला टेकून मला विचारलं, "सुपरवायझरसाहेब, तुमच्याकडे किती जणी उभ्या असतात?"

"अठरा."

"त्या मध्ये कधी बसतात?"

"जेवणाच्या सुट्टीत."

"आणि बाकीचा वेळ?"

"बाकीचा वेळ काम असतं, फादर. बसलं की हात मंदावतो. दुपारचं डोळाही लागतो."

"तुमचा लागतो का, केबिनमध्ये?"

मी बायकोला चहा टाकायला सांगितला. लागायचा.

मग ते पहिल्यांदा त्यांच्या धर्माचं काहीतरी बोलले. म्हणाले, शंभरावर वर्षांपूर्वी आमच्या पोपनं जगभर एक मोठं पत्र धाडलं होतं, आणि ते सगळं मजुरांबद्दल होतं. मी म्हटलं, "पोपला कारखान्यांचं काय पडलंय?" ते म्हणाले, "त्या वेळच्या बऱ्याच मालकांनाही हाच प्रश्न पडला असणार." मग त्यांनी मला समजावलं. त्यांच्या शिकवणीत काम माणसासाठी असतं, माणूस कामासाठी नसतो. मजुराला विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही, त्याचा हक्क आहे, आणि मजुरांनी एकत्र येऊन तो मागणं ह्यात पाप नाही. त्यांच्या खोलीत एकच तसबीर होती, हातात रंधा धरलेल्या दाढीवाल्याची. मी आधी समजत होतो की त्यांच्या वडिलांची. ती येशूच्या बापाची, योसेफाची. "आमचा देव सुताराच्या घरी वाढला," फादर म्हणाले. "बरीच वर्षं रंधा मारला, बोलला शेवटची थोडीच. आणि त्याच्याही आधी, सगळं जग घडवून झाल्यावर देव स्वतः सातव्या दिवशी टेकला. देव टेकतो, मग तुमच्या अठरा जणींनी का टेकू नये?"

मी चिडलो. म्हटलं, "म्हणजे त्या उभ्या असतात म्हणून तुम्ही माझ्याकडे बसत नाही, असंच ना?"

ते म्हणाले, "उभ्यानं राबणाऱ्या माणसापुढं मला बसवत नाही. सवय झालीय. तुम्ही राग मानू नका."

मला वाटलं, सापडलं! इतके दिवसांचं कोडं सुटलं. मी आत जाऊन बायकोला मोठ्या फुशारकीनं सांगितलं. ती भांडी घासत होती. ती म्हणाली, "अर्धं सुटलं." मी म्हटलं, अर्धं म्हणजे? ती म्हणाली, "अहो, ती कपबशी तेवढी इकडं द्या."

त्या अठरा जणींत मंदा होती. कामथडीचीच. अंगानं काटक, तोंडानं फटकळ, हातानं सगळ्यात चपळ. तिच्या डाव्या पायाच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या आणि घोट्याच्या वर एक जखम भरत नव्हती. डॉक्टरनं सांगितलं होतं, पाय वर घेऊन बसायला मिळालं तर भरेल, नाहीतर काम सोडा. काम सोडायचं म्हटलं की मंदा खवळायची. "काम सोडू? मंग घरात मला कोण इचारतंय? आता सासू बी इचारती, मंदा जेवलीस का. पयलं इचारत न्हवती." म्हणजे स्टूल मिळालं तर मंदाची नोकरी राहणार, नाही मिळालं तर जाणार, आणि नोकरीबरोबर घरातली तिची पत जाणार. एवढं साधं होतं ते. मला सगळं माहीत होतं.

आता मी जे केलं होतं ते सांगायलाच हवं. ह्या बायका मालाचे रिकामे प्लास्टिकचे क्रेट पालथे घालून मधेमधे त्यावर टेकायच्या. मंदाचा तर एक ठरलेला क्रेट होता. एक दिवस मालक पट्ट्यापाशी आले, इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाले, "बरंच निवांत चाललंय वाटतं." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी सगळे रिकामे क्रेट गोडाऊनला हलवले. मंदा म्हणाली, "साहेब, माझं येवढं एक राहू द्या. घटकाभर टेकते." मी म्हटलं, "मालक बघतील." तिनं पुन्हा विचारलं नाही. कारखान्याच्या कायद्यात उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय करावी असं लिहिलेलं आहे, तेही मला ठाऊक होतं. नियमांचा तो तक्ता माझ्याच केबिनच्या दाराला चिकटवलेला होता.

फादरांना क्रेटचं माहीत नव्हतं. त्यांना मंदाचा पाय माहीत होता, कारण संध्याकाळी टेम्पोची वाट बघत बायका रस्त्याकडेला बसायच्या तेव्हा हे तिथं जाऊन बसायचे आणि "पाय कुठं दुखतो?" असं विचारायचे. त्यांनी मला सांगितलं, मालकाशी बोला. मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी विचारलं, बोललात? मी म्हटलं, मालक बाहेरगावी आहेत. महिन्यानं विचारलं. मी म्हटलं, बघू, सिझन होऊ दे. फादर त्यावर कधी रागावले नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचे, आणि ते मला रागावण्यापेक्षा वाईट वाटायचं. पुढं पुढं मी त्यांच्या खोलीवरून जाताना मोबाईल कानाला लावून जायला लागलो.

ह्यात एक मे येऊन गेला. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन, महाराष्ट्र दिन. फादरांकडे तो दिवस त्याच सुतार योसेफाचा. सकाळी सातला बघतो तर आळी झाडणारी बाई आमच्या दारातल्या ओट्यावर बसून चहा पितेय आणि फादर तिचा खराटा घेऊन आळी झाडतायत. झाडतायत म्हणजे काय, ह्या घरची धूळ त्या घरी. समोरचे ओरडले, "अहो फादर, आमच्या दारात का लोटताय!" ती बाई हसून हसून लोटपोट. म्हणाली, "बाबा, खराटा तिरपा धरायचा असतो." हे लगेच थांबले आणि विचारलं, "का? सरळ धरला तर काय होतं?" सबंध आळी झाडायला त्यांना तीन तास लागले, आणि दुपारी तिनं पुन्हा एकदा झाडली. बायको मात्र खिडकीतून बराच वेळ बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "वर्षातून एक दिवस का होईना, पण दुसऱ्याचा खराटा हातात घेतला माणसानं." मी म्हटलं, "घेऊन केलं काय? घाण."

आणि मग पोळ्याचा आदला दिवस, खांदेमळणी.

शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्याला हे सांगायला नको, पण फादरांना ते नवं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला अंघोळ घालून त्याच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. वर्षभर जू ओढून तो खांदा सुजलेला असतो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. आमच्या मालकांकडे दोन ट्रॅक्टर असूनही हौसेची एक खिल्लार जोडी आहे, तिचा गोठा कारखान्याच्या मागंच आहे आणि गोठ्यात पंखा आहे. दर वर्षी खांदेमळणीला मालक जोडी कारखान्याच्या अंगणात आणतात, त्यांची आई, जिला सगळे आक्का म्हणतात, ती पूजेचं ताट घेऊन येते, आणि कामगारांना अर्धा तास सुट्टी मिळते.

मंदानं हे सगळं फादरांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे फादर हजर. मालक लोणी-हळद चोळत होते आणि ह्यांच्या चौकश्या चालू. "लोणीच का? तूप का नाही? बैलाला कळतं का?" मालक खुशीत होते. म्हणाले, "कळतं म्हणजे काय! बघा मान कशी ढिली सोडलीय." आक्का म्हणाल्या, "सगळं घर ह्येंच्या खांद्यावर चाललं, बाबा. वर्सातनं एक दिस तरी इचारायला नगं का, कुटं दुकतंय त्ये?"

फादरांचा चेहरा एकदम उजळला. हा तर त्यांचाच प्रश्न! त्यांनी आक्कांच्या ताटातली लोणी-हळदीची वाटी उचलली, बायकांच्या घोळक्याकडे गेले आणि मंदासमोर दोन्ही गुडघे टेकून तिच्या पायाला हात घातला.

आता हे काय झालं ते मला नंतर कळलं. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधी एका गुरुवारी फादर लोक गावकऱ्यांचे पाय धुतात. धर्मगुरूनं खाली बसून साध्या माणसाचे पाय धुवायचे, अशी रीत आहे. चाळीस वर्षं हे करत आलेला माणूस. त्याला खांदेमळणी बघून वाटलं, अरे, हे तर आपलंच! पण इथं, कामथडीच्या शिवारात, चार माणसांसमोर, ऐंशीच्या घरातल्या पांढऱ्या दाढीच्या बाबानं परक्या घरच्या सुनेचे पाय धरायचे म्हणजे काय? मंदा किंचाळली.

"अवो फादर! काय करताय! पाप लागंल मला! सासऱ्याला कळलं तर घरात घेयाचा न्हाई!"

ती गर्रकन मागं सरकली, चप्पल तिथंच राहिली. तोल जाऊ नये म्हणून तिनं लुगडं वर धरलं, आणि तो पाय सगळ्यांना दिसला. घोट्यापासून पोटरीपर्यंत निळ्या गाठी, मधे मळकं बँडेज, बँडेजच्या वर सूज. फादरांवर हसणाऱ्या बायका पुढं सरकून बघायला लागल्या. मालकांच्या ड्रायव्हरनं हलगी वाजवायला घेतली होती, ती त्यानं खाली ठेवली.

फादर तसेच गुडघ्यावर. तोंड लालबुंद झालेलं. आपण काहीतरी भलतंच केलं हे त्यांना उमगलं होतं. हात जोडून म्हणाले, "चुकलो, मंदाबाई. मला तुमची रीत माहीत नव्हती. माफ करा." आणि वाटी कुणाकडे द्यावी हे त्यांना कळेना.

ती वाटी आक्कांनी घेतली. ताट आपल्या सुनेच्या हातात दिलं, एक गोणपाट ओढलं, त्यावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आण गं पाय हिकडं. माझं काय पाप लागतंय तुला? म्या तुझ्या आयसारकी." जखमेला न लागू देता त्यांनी तिच्या पोटरीला, पावलाला लोणी-हळद चोळली. मंदा आधी कावरीबावरी झाली, मग ढसाढसा रडायला लागली.

आक्का वर न बघता लेकाला म्हणाल्या, "बैलाला पंखा लावलास. हिला येक पाट दिला आसतास तर तुझं काय जात हुतं रं?"

मालक गोरेमोरे झाले. चारचौघांत आईनं झापलेला कुठलाही मुलगा दिसतो तसे दिसत होते. मग ते माझ्याकडे वळले. "काय हो, तुम्ही कधी बोलला नाहीत मला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मंदानंही बघितलं. तिला एका वाक्यात माझा निकाल लावता आला असता. क्रेट कुणी उचलले हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण ती काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. ती बोलली असती तर मी काहीतरी सारवासारव केली असती, इतका मी मला ओळखतो. ती गप्प राहिली म्हणून मला बोलावं लागलं.

"मालक, त्या क्रेटवर बसायच्या. क्रेट मीच हलवायला लावले. हिनं एक मागितला होता, तोही दिला नाही."

"मी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी आठवून बघितलं. नव्हतं सांगितलं. कुणीच सांगितलं नव्हतं. मालक नुसते निवांत म्हणाले होते, बाकीचा सगळा हुकूम मीच माझ्या मनानं तयार केला होता.

"सोमवारपातुर बसाया करा," आक्का म्हणाल्या. मालक पुटपुटले, "बसा, पण माल कमी निघाला तर मग बघतो." माल कमी निघाला नाही, आधी निघत होता तेवढाच निघाला. स्टुलं भोरच्या एका सुतारानं केली, पट्ट्याच्या उंचीला बरोबर येतील अशी उंच, खाली पाय ठेवायला आडवी पट्टी. ती होईस्तोवर फादर रोज त्या सुताराकडे जाऊन बसत होते. सुतार बसून काम करायचा, त्यामुळे अडचण नव्हती. मंदाला मी एक जादा बुटकं स्टूल करून घेतलं, पाय वर ठेवायला. ते दिलं तेव्हा म्हणाली, "क्रेटापरीस बरं हाय, साहेब." एवढंच म्हणाली. पुढच्या दोन महिन्यांत जखम भरली.

तर, स्टुलं आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी फादरांना जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा बेत. मी स्वतः बाजारातून कटाच्या आमटीचा मसाला आणला, खुर्ची पुसली, तिच्यावर बायकोच्या हातचं विणकाम घातलं. आज हा माणूस बसणार! किती महिन्यांचा हिशेब चुकता होणार होता. फादर आले. खांबाला टेकले.

मी म्हटलं, "बसा."

ते म्हणाले, "असू द्या, बरा आहे."

माझं टाळकंच सरकलं. "अहो फादर, आता काय राहिलं? अठराच्या अठरा बसल्या ना! तुमच्या पोपला कळवा हवं तर!"

"अठरा बसल्या," ते म्हणाले, "देव तुमचं भलं करो." आणि ते माझ्या खांद्यावरून आत बघायला लागले.

मी मागं वळून बघितलं. आत ओट्याशी बायको उभी होती. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातानं तव्यावरची पोळी फिरवत होती. पदर कमरेला खोचलेला, मान घामानं ओली. सोमवार ते शनिवार ती वर्गात फळ्यासमोर उभी असते, घरी आली की इथं उभी असते, आणि आज रविवार होता. आमचं जेवण झाल्यावर तिनं जेवायचं, अशी आमच्याकडची पद्धत. पद्धत कसली, मी लावलेली सवय. इतक्या वर्षांत ती कधी माझ्याबरोबर ताटावर बसल्याचं मला आठवेना. मी खूप आठवून बघितलं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"पहिल्या आठवड्यापासून," ती तव्याकडे बघतच म्हणाली. "फादरांना मीच म्हटलं होतं, ह्यांना सांगू नका. ह्यांचं ह्यांना दिसू दे."

"इतके महिने?"

"इतकी वर्षं म्हणा."

मी आत गेलो. तिच्या हातातून लाटणं घेतलं. ती सोडेना. म्हणाली, "अहो, पुरण बाहेर येईल." मी म्हटलं, "येऊ दे." मग बाहेरची ती विणकाम घातलेली खुर्ची उचलून आणली आणि ओट्यापाशी ठेवली. ती बसली, पण अगदी कडेला, पाहुणी बसते तशी, उठायच्या तयारीत. माझी पहिली पोळी फाटली. पुरण तव्याला लागलं, सगळ्या घरात करपल्याचा वास सुटला. तिचा हात आपसूक पुढं आला आणि मग तिनंच तो मागं घेऊन मांडीवर ठेवला. हळूहळू पाठ खुर्चीला टेकवली. डोळे पुसले. म्हणाली, "कड जरा जाड ठेवा."

ताटं वाढून झाल्यावर मी तिघांसाठी पाट मांडले, बायकोला बसवलं आणि मीही बसलो. फादर खांबापासून निघाले, चप्पल काढली, आत आले आणि बायकोच्या शेजारच्या पाटावर मांडी घालून बसले. गुडघे कटकन वाजले. फाटकी पोळी त्यांनी आपल्या ताटात ओढून घेतली, पहिला घास खाल्ला आणि मला विचारलं, "हात कुठं दुखतो?"